सहज बोललेली वाक्यं

फाईल चौथ्यांदा परत आली तेव्हा तिने टेबलावर असा काही हात आपटला, की पेनांचा डबा आडवा झाला आणि एक पेन घरंगळत कपाटाखाली गेलं. जाऊ दे मेलं, असं पुटपुटत तिने पडद्यावरची लाल ओळ वाचली. शब्दमर्यादा ओलांडली आहे. मर्यादा होती पाचशेची. तिच्या संगणकाने शब्द मोजले होते चारशे अठ्ठ्याण्णव, आणि परिषदेच्या संकेतस्थळाला तेच पाचशे एकवीस दिसत होते. वरचे तेवीस आले कुठून, हे शोधण्यात तिचा पाऊण तास गेला. मग उलगडा झाला. ते संकेतस्थळ उदाहरणांचे क्रमांकही शब्द म्हणून मोजत होतं आणि मधल्या आडव्या रेघाही.

"भरवायची भाषाशास्त्राची परिषद, आणि शब्द कशाला म्हणतात याचा पत्ता नाही!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.

सकाळपासून हेच चाललं होतं. पहिल्या खेपेला फाईल परत आली ती लेखकाचं नाव सापडलं म्हणून. गोषवारा निनावी हवा, तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळता कामा नये, हा नियम तिला पाठ होता. तिने स्वतःचं नाव काढलं होतं, कॉलेजचं काढलं होतं, एवढंच काय, ‘माझी आत्या’ काढून तिथे ‘भाषक १’ असं लिहिलं होतं. पण फाईल जतन करताना संगणक तिच्या पोटात मालकाचं नाव गुपचूप लिहून ठेवतो, हे कुणी सांगायचं? दुसऱ्या खेपेला अक्षरांचे चौकोन झाले. तिसऱ्या खेपेला सगळे रकाने भरत आणले आणि ‘आपलं सत्र संपलं आहे’ अशी पाटी येऊन भरलेलं सारं पुसलं गेलं. मुदत होती संध्याकाळी पाचची. घड्याळात दीड वाजला होता.

बरं, हा ताप नुसता आजचा नव्हता. लागोपाठ दोन वर्षं या परिषदेने तिचा गोषवारा नाकारला होता. गेल्याच आठवड्यात विभागप्रमुख दारात उभे राहून, आत यायचीही तसदी न घेता म्हणाले होते, "या वर्षी निवड झाली तर बघू, मॅडम. नाहीतर ही खोली परीक्षा विभागाला लागतेय." खोली म्हणजे तरी काय, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट. पण त्या कपाटात सहा वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. दगडखाणीवरच्या वस्तीत एके काळी जी बोली चालायची, तिची. खाण बंद पडली, वस्ती पांगली, आणि ती बोली धड बोलू शकणारी इनमिन सात माणसं उरली. त्यातली काही परगावी, काही अंथरुणाला खिळलेली. गाठीभेटीत राहिली एक म्हातारी शेजारीण आणि तिची स्वतःची आत्या. सहा वर्षांचं सगळं काम आत्याच्या एका जिभेवर उभं होतं. खोली गेली की प्रकल्प गेला, आणि प्रकल्प गेला की ती बोलीही आत्याबरोबर मुकाट जाणार. याची तिला मनापासून भीती वाटत होती.

गेल्या वर्षीचा नकार तिच्या डोक्यातून जात नव्हता. कुणा निनावी तपासनिसाने लिहिलं होतं, ‘वाक्यं कृत्रिम वाटतात. माणसं खरोखर असं बोलतात का?’ ते वाचून ती आठवडाभर धुमसत होती, कारण त्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं. यादीच तशी असते. दोनशे वाक्यं, जगभर सारखीच, आणि समोरच्याने ती आपल्या बोलीत सांगायची.

"माणसाने झाड कापलं," ती वाचायची.

"कोणत्या माणसाने?" आत्या विचारायची.

"कुणीही गं."

"कुणीही कसं कापेल? झाड कुणाचं होतं?"

‘मला माझा भाऊ दिसत नाही’ असं म्हण म्हटलं, तर आत्या म्हणायची, कसा दिसेल, तुझ्या बापाला जाऊन नऊ वर्षं झाली. मग समजूत काढायची, खोटं खोटं म्हण, आणि आत्या बिचारी खोटं खोटं म्हणायची.

म्हणून या वर्षी तिने ती यादीच बाजूला ठेवली. जुनी मुद्रणं पुन्हा ऐकली आणि आत्या मधेच, कुणी न विचारता, आपणहून जे बोलून गेली होती त्यातली वाक्यं उचलली. विषय होता नकाराचा, ही बोली ‘नाही’ किती तऱ्हांनी म्हणते याचा. चार तऱ्हा आणि चार वाक्यं. एकाही वाक्याला यादीचा वास नव्हता. आपल्या निवडीवर ती बेहद्द खूश होती.

आता अडलं होतं ते मर्यादेवरच्या एकवीस शब्दांवर आणि शेवटच्या एका चौकटीवर. ‘उदाहरणं दुसऱ्या भाषकाकडून तपासून घेतली आहेत.’ तिथे खूण केल्याशिवाय फाईल पुढे सरकणार नव्हती. खोटी खूण करणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि म्हातारी शेजारीण नेमकी लेकीकडे गेलेली. म्हणून तिने दादाला फोन केला होता.

दादा आठ वर्षांचा होईपर्यंत खाणीवर आत्याकडे वाढला. आई तेव्हा सारखी आजारी असायची. ती स्वतः जन्मली शहरात, खाण बंद पडल्यावर. त्यामुळे बोलायची सवय सुटली असली, तरी दादाच्या अंगात ती बोली मुरलेली होती, आणि तिला मात्र ती शिकावी लागली होती, वह्याच्या वह्या भरून. तिला या गोष्टीचा थोडा हेवाही वाटे. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आज जवळच्याच एका इमारतीत त्याचं काम चालू होतं.

दोनच्या सुमाराला तो काखेत डबा मारून आला.

"काय मास्तरीणबाई, कुठे आग लागली?"

"हात धू आधी. कागदांना तेल लागेल."

"धुतलेत. अर्धा तास आहे माझ्याकडे. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट लटकवून आलोय."

"आत कोणी नाही ना?"

"असतं तर इथे जेवायला आलो असतो?"

तो समोरच्या खुर्चीवर बसला आणि त्याने डबा उघडला. तिने दोन छापील पानं त्याच्यापुढे सरकवली.

"चार वाक्यं आहेत. पेन्सिलीने खुणा केल्यात बघ. आत्याची आहेत. वर मूळ, खाली अर्थ. नीट आहेत का तेवढं सांग. बाकीचं वाचू नकोस, डोकं उठेल."

"हे एक बरं केलंस."

ती पडद्याकडे वळली. ‘प्रस्तुत’ काढला. ‘प्रामुख्याने’ काढला. ‘असे दिसून येते की’ हे चारही शब्द काढले आणि काही बिघडलं नाही हे पाहून जरा वरमली. पाठीमागे दादा मूळ वाक्य मोठ्याने वाचत होता. कागदावर ते तुकडे पाडून, मधे रेघा मारून छापलं होतं. दादाच्या तोंडात ते तुकडे आपोआप सांधले गेले आणि आत्याच खोलीत बोलते आहे असं वाटलं.

"मशीन बिघडलेलं नाही," अर्थाकडे न बघता तो म्हणाला. मग त्याचा घास हातातच राहिला. "कुठलं मशीन?"

"अं?"

"आत्या कुठल्या मशीनबद्दल बोलतेय?"

"अरे, उदाहरण आहे ते. असंच म्हणतात ना?"

"म्हणतात असंच. पण शिवणाचं मशीन का? तीनदा उघडलंय मी ते. पट्टा बदलला, तेल घातलं, सुया नव्या आणल्या. दर वेळी म्हणते, टाका वाकडा पडतोय. मला त्यात कधी काही सापडलं नाही. आणि तुला सांगतेय, ते बिघडलेलंच नाही?"

"दादा, पुढचं वाच ना. माझ्याकडे वेळ नाहीये."

त्याने घास डब्यात परत ठेवला आणि पुढचं वाचलं. सुईचं भोक दिसत नाही. मग पान उलटलं. डावीकडून कोण आलं ते कळेना. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा अगदी हळू. थोरल्याला सांगितलं नाही.

"थोरला म्हणजे मी," तो म्हणाला.

"हो, तूच असशील. या बोलीत ना, होऊन गेलेल्या गोष्टीला नकार..."

"तिला दिसत नाही?"

"या वयात सुई ओवायला कुणाला दिसतं रे?"

"आणि डावीकडून आलेलं माणूस कळत नाही, हेही वयाचंच?"

"अरे देवा! वाक्य नीट आहे का, एवढंच विचारलंय मी तुला. खरं-खोटं मला नकोय!"

दादाने डबा बाजूला सारला. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि मग तिला आपलं वाक्य ऐकू आलं. ऐकू आल्यावर माउसवरचा हात तिने मांडीवर घेतला.

"कधी म्हणाली ती हे?" त्याने विचारलं.

प्रत्येक उदाहरणासमोर मुद्रणाचा क्रमांक होता आणि क्रमांकात तारीख. हे तिचंच काम, ती या बाबतीत फार काटेकोर होती. पहिलं वाक्य चौदा महिन्यांपूर्वीचं. सुईचं त्याच्या पुढच्या महिन्यातलं. डावीकडचं सहा महिन्यांपूर्वीचं. दादाला न सांगितल्याचं गेल्या तिमाहीतलं. गोषवाऱ्यात ती नकाराच्या प्रकारांनुसार लावली होती, मधे मधे परिच्छेदच्या परिच्छेद होते. चारही वाक्यं एकाखाली एक अशी तिने कधी वाचलीच नव्हती.

"ऐकव," दादा म्हणाला.

तिने सुईच्या वाक्याचं मुद्रण लावलं. आधी तिचाच आवाज आला, यादीतलं काहीतरी वाचणारा. मुलाला नदी दिसत नाही. आत्याने ते आपल्या बोलीत सांगितलं. मग भांड्यावर भांडं लागल्याचा आवाज. आणि आत्या, यादीत नसलेलं, जरा खालच्या पट्टीत म्हणाली, सुईचं भोक दिसत नाही.

"वा! छान!" यंत्रातून तिचा आवाज अक्षरशः उडी मारून आला. "हे फार छान आलं हं. आता हेच ‘त्यांना’ लावून म्हण."

आत्या क्षणभर थांबली आणि मग सांगितल्या शब्दाला जागून म्हणत गेली. त्यांना दिसत नाही. आम्हांला दिसत नाही. तुला दिसत नाही.

"छान. पुढचं."

"बंद कर," दादा म्हणाला.

तिने बंद केलं. हा तुकडा तिने आजवर निदान तीसेकदा ऐकला असेल. आत्या कुठला स्वर लांबवते, आघात कुठे देते, ‘नाही’च्या आधी आवाज किती उतरतो, याचा तक्ताच तिने केला होता. आवाज उतरतो हे तिने पट्टी लावून मोजलं होतं. तो का उतरतो हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. इतकी, की दादाने चार शिव्या घातल्या तर बरं, असं होऊन गेलं.

दादाने शिव्या घातल्या नाहीत. त्याने डब्याचं झाकण लावलं, चारही बाजूंनी दाबून बघितलं आणि तो उठला.

"माझी सही-बिही काय हवी असेल तर सांग."

"नुसती खूण आहे. मीच करायची."

"मग कर. वाक्यं नीट आहेत. एकदम नीट आहेत." त्याने फोन काढून कुणाला तरी लिफ्टचं उरलेलं काम सांगितलं. "मी जातो तिच्याकडे."

चौकट पडद्यावर रिकामी होती. पाचपर्यंत अजून पुष्कळ वेळ होता, शब्द आता फक्त नऊ जास्त होते. नऊ शब्द म्हणजे दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटं थांब, असं म्हणायला तिने तोंडसुद्धा उघडलं. मग तिने ते मिटलं आणि खुर्चीवरची पर्स उचलली.

"थांब. मी पण येते."

दादाच्या स्कूटरवर मागे बसून जाताना तिचं डोकं काही केल्या गप्प बसेना. ‘तसेच’ दोनदा आहे, एक काढता येईल. संदर्भांमधलं वर्ष काढता येईल. सात शब्द, सहा शब्द. ती स्वतःवरच इतकी चिडली की सिग्नलला तिने डोळे गच्च मिटून घेतले.

आत्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. दार उघडंच होतं. खिडकीपाशी स्टुलावर बसून ती डब्यातली जुनी बटणं बोटांनी चाचपून वेगळी करत होती, चार भोकांची इकडे आणि दोन भोकांची तिकडे. शिवणाचं मशीन कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेलं. दादा उजवीकडून आत गेला तशी आत्याने लगेच मान वर केली.

"तू कसा रे आज? रविवार नाही आज."

ती डावीकडून आली. हाताच्या अंतरावर जाऊन काही न बोलता उभी राहिली. आत्या दादाशी बोलत राहिली, जेवलास का, तोंड का उतरलंय. शेवटी ती "आत्या" म्हणाली, तेव्हा आत्या केवढ्यांदा तरी दचकली आणि दोन-चार बटणं फरशीवर सांडली.

"अगं बाई, तू पण? केव्हा आलीस? आणि आज यादी आहे वाटतं. थांब, चहा टाकते, मग म्हणू तुझी वाक्यं."

"यादी नाही, आत्या. तुला डाव्या डोळ्याने दिसत नाही?"

आत्याने बटणांचा डबा मांडीवर घट्ट धरला.

"अगदीच नाही असं नाही. उजेड कळतो."

"आणि मला मशीन उघडायला लावत होतीस?" दादाचा आवाज चढला. "तीन वेळा!"

"मग काय करू? तुला सांगितलं की तू हातातलं काम टाकून पळत सुटणार. बघ, आलासच की नाही भरदुपारी."

"म्हणून कुणालाच सांगायचं नाही?"

"कुणालाच कसं? हिला सांगितलंय." आत्याने तिच्या दिशेने हात केला, ती उभी होती त्याच्या थोडा अलीकडे. "एकदा नाही, चांगलं तीन-चारदा सांगितलं. शिकलेली पोर, हिला कळेल काय करायचं ते. तिने लिहूनसुद्धा घेतलं. हो ना गं?"

ती हो म्हणाली.

दादाने खिशातून फोन काढला. तो दारात जाऊन डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करू लागला. आजचीच वेळ हवी, उद्याची नको, असं दोनदा म्हणाला. पलीकडून साडेचारला या असं सांगितलं असावं, कारण त्याने वळून बोटांनी तसं दाखवलं आणि तो रिक्षा बघायला बाहेर पडला.

ती खाली बसून बटणं गोळा करू लागली. मग दाराजवळच्या आत्याच्या चपला घेऊन आली. डावी चप्पल पायापाशी ठेवली, तर आत्याचा पाय फरशीवर इकडेतिकडे चाचपडत राहिला. तिने तो हातात धरून चपलेत घातला. टाच केवढी खरखरीत होती. सहा वर्षं दर आठवड्याला ती या घरात येत होती, दोन-दोन तास समोर बसत होती.

"आत्या," ती मान खाली घालूनच म्हणाली, "तू सांगितलंस तेव्हा मी काहीच केलं नाही. तुला राग नाही आला माझा?"

"राग कशाचा?"

"मी काही बोलले पण नाही."

"बोललीस की! छान म्हणालीस." आत्या हसली. "खोटं कशाला सांगू, त्याआधी मला जाम धाकधूक होती. रात्र रात्र झोप नव्हती. ते ऐकलं आणि जीव भांड्यात पडला बघ. म्हटलं, ही एवढी शिकलेली, आणि ही छान म्हणतेय, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार."

बाहेर रिक्षा येऊन थांबली. दादाने हाक मारली. तिच्या हातात दुसरी चप्पल तशीच होती.

"का गं?" आत्याने विचारलं. "तसं नव्हतं का?"

ती उठली, आत्याच्या उजव्या बाजूला आली आणि तिला आपला चेहरा दिसेल अशी तिच्या अगदी समोर बसली.

"नव्हतं, आत्या," ती म्हणाली.